दोघांच्या सहीचं खातं

पहिला ओटीपी आला तेव्हा रेश्मा पडवीत मेथी निवडत बसली होती. मांडीशेजारी उपडा ठेवलेला मोबाईल थरथरला. तिनं तो उचलून आकडे वाचले आणि पुन्हा उपडा ठेवला. समोर खाटेवर सुनील बसला होता. त्यानं हे सगळं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवायला उगाच एकदा खाकरला.

सुनील धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नसे. या घरातली ही जुनी रीत. थोरल्या दिरानं भावजयीला काही सांगायचं तर ते बायकोमार्फत, नाहीतर भिंतीला. म्हणून त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"रुपाली, करणचा मेसेज आला का म्हणावं?"

"आला का गं?" रुपालीनं आतून विचारलं.

"आला, ताई."

"आला म्हणती."

"मग आकडे सांग म्हणावं. धा मिन्टात बाद हुतो त्यो."

रेश्मानं मेथीची पुढची काडी घेतली. पानं टोपलीत, देठ बाजूला. ती नको असं म्हणाली नाही, हो असंही म्हणाली नाही. दहा मिनिटं गेली आणि ओटीपी बाद झाला.

तीन वाजता अमृत येणार होता. मिरजगावच्या रस्त्याला लागून तीस गुंठे जमीन त्याच्या नावावर होती. आज दहा लाख इसार हातात पडला तर ती सुनीलला, नाहीतर उद्या एका पेट्रोलपंपवाल्याला. पंपवाला रोख घेऊन तयार होता, तरी अमृत जुन्या घरोब्यापायी आठ दिवस थांबला होता, कारण जमीन मुळात यांचीच. सुनीलच्या आजोबांनी ती विकली तेव्हा सुनील जन्मालाही आला नव्हता. सुनीलनं दोन गाभण गाई विकल्या, दुधाच्या संस्थेतली ठेव मोडली, रुपालीच्या पाटल्या बँकेत ठेवल्या आणि पाच लाख वीस हजार उभे केले. उरलेले चार लाख ऐंशी हजार करण देणार होता. करणनं गुरुवारी फोनवर "घे दादा" म्हटलं होतं.

करण तिकडे तमिळनाडूत, होसूरला एका मशीनच्या कारखान्यात होता. त्याचे पैसे मात्र एकट्याचे नव्हते. खातं त्याचं आणि रेश्माचं, दोघांच्या सहीचं. पासवर्ड होसूरला करणच्या डोक्यात, आणि ओटीपी यायचा तो इथे रेश्माच्या मोबाईलवर. दोघांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हे मुद्दाम असं करून घेतलं होतं. त्या वेळी घरात सगळे हसले होते. आज कुणाला हसू येत नव्हतं.

"माझ्या लग्नात गेली ती जमीन," आक्काबाई म्हणाली. ही सुनीलची आत्या, आजच्या कामासाठी सकाळच्या एसटीनं कर्जतहून आलेली. सकाळपासून हे वाक्य तिनं चौथ्यांदा म्हटलं होतं. "पाच तोळं आन् मांडवाचा खर्च. वरातीची गाडी त्या बांधावरनं वळली तवा आबा मागं बघून रडत हुते. मला वाटलं, लेकीसाठी रडत्यात. ते जमिनीकडं बघत हुते."

आक्काबाईनं पदरानं डोळे टिपले आणि रेश्माकडे पाहिलं. "आज माझ्या डोळ्यांदेखत परत येतीय ती. आन् ही बया मेथी निवडतीय."

दुसरा ओटीपी आला.

रेश्माला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो या माणसांचा नव्हता. लग्नाला अडीच वर्षं झाली होती. त्यात ती आणि करण एका छपराखाली राहिले ते एकाहत्तर दिवस. ती कर्जतला एका लॅबमध्ये रक्त तपासायची, तो होसूरला सहा जणांच्या खोलीत राहायचा. दोघांनी ठरवलं होतं, पाच लाख जमले की पाडव्याला तिकडे बिऱ्हाड करायचं. त्या बाजूला खोलीला दहा महिन्यांचं भाडं आधी ठेवून घेतात. शिवाय तिला डायलिसिस टेक्निशियनचा वर्षभराचा कोर्स करायचा होता, त्याशिवाय तिकडे नोकरी मिळणार नव्हती. पाचाला वीस हजार कमी होते. पाडव्याला साडेतीन महिने होते. आणि गुरुवारी रात्री करण म्हणाला होता, "दादाला हो म्हणालोय. आजोबांची जमीन आहे गं. आपलं काय, अजून दोन वर्षं." अजून दोन वर्षं हे तो असं म्हणाला, जसं काही अजून दोन चपात्या वाढ.

सासू गोजरबाईनं काल तिला जवळ बसवून समजावलं होतं. "दे गं बाई. घरचंच हाय. जमीन काय पळून जाती व्हय? तुमचीबी हाय ती." आज ती उंबऱ्याशी बसून नुसत्या शेंगा फोडत होती.

"लाव फोन त्याला," सुनील भिंतीला म्हणाला, आणि मग त्यानंच लावला. स्पीकर चालू केला.

"दादा, आला का नंबर?" करणचा आवाज आला. मागे मशीनची घरघर होती. "मी दोनदा पाठवला. सुपरवायझर बोंबलतोय इथं."

"नंबर आलाय. सांगत न्हाई कुणी."

"रेश्मा, अगं दे ना. सगळे बसलेत तिथं. बरं दिसतं का?"

"तू मला कधी विचारलंस?" रेश्मा म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"सांगितलं की गुरुवारी."

"सांगितलंस. विचारलं नाहीस. त्यात निम्मे माझे आहेत. आणि निम्म्याचं पण जाऊ दे. पाडवा माझा पण होता."

"आता हे सगळ्यांसमोर बोलायचंय का आपण?"

"एकट्यात बोलायला तू इथं असतोस कुठं?"

करणनं "मी नंतर करतो" म्हणून फोन ठेवला. आक्काबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "बघा! नवऱ्याच्या पैशाला बायकोची परवानगी. आमच्या वक्ताला असं असतं तर..."

"आत्या, तुमच्या वक्ताला तुमच्यासाठी जमीन विकली, तवा तुमाला तरी कुणी विचारलं हुतं?" हे रुपाली बोलली. चहाचा ट्रे घेऊन ती दारात उभी होती आणि आपण बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

रुपालीचं खरं तर कालपर्यंत उलट मत होतं. तिच्या पाटल्या बँकेत गेल्या होत्या, आणि धाकटीचं काहीच जात नव्हतं, याचा तिला सल होता. तशी तिला रेश्माची कधीकधी कीवही यायची. दिवाळीत कर्जतच्या दुकानात दोघी गेल्या होत्या. रेश्मानं एक डाळिंबी काठाची साडी अंगावर टाकून आरशात पाहिली, फोटो काढला, करणला पाठवला. रुपालीला वाटलं, आता घेणार. रेश्मानं साडी घडी करून परत ठेवली आणि हसत बाहेर पडली. नवऱ्यानं नको म्हटलं असणार, असं रुपालीनं धरलं होतं. पण हसली का, हे तिला आजपर्यंत कळलं नव्हतं.

"एक विचारू का गं?" तिनं चहा पुढे करत विचारलं. "त्या डाळिंबी साडीचा फोटू तू कशाला धाडला त्याला, घ्यायचीच नव्हती तर?"

रेश्मा पहिल्यांदा थोडी सैल झाली. "ताई, आमचं ठरलंय तसं. घ्यावंसं वाटलं आणि घेतलं नाही, तर फोटो पाठवायचा. जेवढी किंमत, तेवढे पैसे लगेच खात्यात टाकायचे. तो पण पाठवतो. बूट, बिर्याणी, सुट्टीची तिकिटं. दसऱ्याला तो आला नाही ना, त्याचं बसचं तिकीट आहे त्यात. साडी साडेअठराशेची होती."

"आन् मंग हसली कशापायी?"

"त्यानं लिहिलं, तुला फार शोभतीये, फार महाग पडणार आहेस तू मला." रेश्माचे कान लाल झाले. "त्या दिवशी त्यानं पण जेवण चुकवून ऐंशी रुपये टाकले."

आक्काबाईला हे ऐकून हसावं का चिडावं ते कळेना. "न घेतलेल्या साड्यांचे फोटू! काय तरी एकेक खूळ."

रुपाली मात्र चहाचा कप हातात धरून उभीच राहिली. तिचा नवरा बावीस वर्षं तिच्याजवळ होता, रोज दोन वेळा तिच्या हातचं जेवत होता. तिला काय घ्यावंसं वाटलं आणि तिनं काय घेतलं नाही, हे त्याला कधी कळलं नव्हतं. ती विचार करत राहिली आणि चहावर साय धरली.

गोजरबाईनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"दोघांचं मिळून एका जागी जमतं व्हय ते?" तिनं विचारलं.

"हो, आई."

"आन् एकट्याला काढता येत न्हाई."

"नाही."

"आमचंबी तसंच हुतं," गोजरबाई म्हणाली.

आक्काबाईनं मान वर केली. सुनीलनंही. आईनं बापाविषयी आपणहून काही बोलावं, हे या घरात वर्षाकाठी एखाद्या वेळी घडायचं. सुनीलचा बाप, कानिफनाथ, जाऊन आता सोळा वर्षं झाली होती.

"ते कर्नाटकात कारखान्यावर हुते, पॅनमन. रस शिजवून साखर पाडायचं काम. दिवाळीआधी जायचे ते पट्टा पडल्यावर, गाळप संपलं की, पाडव्याच्या पुढं-मागं यायचे. पुढं पुढं बाराई महिने ठिवून घ्यायला लागले, मंग वर्सातनं पंधरा दिस. एकदा जाताना त्यांनी दोन सारख्या पेट्या आणल्या पत्र्याच्या. लोहाराकडनं झाकनाला फट पाडून घेतली. पैसा आत टाकता यायचा, काढता यायचा न्हाई. एक पेटी माझ्याजवळ, एक त्यांच्याजवळ. आन् माझ्या पेटीची किल्ली ते घेऊन गेले, त्यांच्या पेटीची माझ्या गळ्यात ठिवली."

"किल्ल्या बदलून?" रुपाली म्हणाली.

"व्हय. म्हनले, गोजर, आता तुला यावं लागंल न्हाईतर मला. एकट्यानं न्हाई उघडायचं कुनी." गोजरबाई हसली. ती हसली की तरुणपणी कशी दिसत असेल ते कळायचं. "मी अंडी इकायची, शेण्या इकायची. रोजंदारीतला रुपाया टाकायची. त्यांनी इडी सोडली. कागदावर लिवायचे, आज चार इड्या टाकल्या पेटीत. मला वाचता येत न्हवतं. वन्सं, तुमीच वाचून दावायचा ना, आलात म्हंजी?"

आक्काबाईला ते आठवलं. चार विड्या, सहा विड्या, एकदा सिनेमा टाकला. आपल्या भावाला वेड लागलंय असं तेव्हा तिला वाटलं होतं. तिनं मान हलवली.

"मोसम संपून आले की जेवन झाल्यावर कडी लावायचे. मधी दोन पेट्या. मी त्यांची उघडायची, ते माझी. मंग दोन्ही ढीग एकत्र करायचे. पैसा लई नसायचा. पन तसा खुशीचा दिस वर्सात दुसरा न्हवता बघ."

"आन् ते कशासाठी हुतं, आई?" सुनीलनं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"कारखान्याशेजारी दोन खोल्या बांधायच्या हुत्या. पत्र्याच्या. मला तिकडं न्यायचं हुतं. म्हनायचे, तिकडं नदी हाय, हिरवं हाय समदं, तुला करमंल." तिनं शेंगेचं एक टरफल उचललं आणि बोटात चुरलं. "सात वर्सं जमवलं. आठव्या वर्साला मी पेटी फोडली."

"तुझ्या डिप्लोम्याला," ती सुनीलला म्हणाली. "अठरा हजार डोनेशन मागितलं, दोन दिसांची मुदत. मला कुठला फोन, कुठलं काय. कुऱ्हाडीच्या मागच्या तुंब्यानं कुलूप फोडलं. आन् पुढं चुकले ते मी. तसंच फोडलेलं ठिवलं असतं तर बरं हुतं. मी मिरजगावच्या बाजारातनं तसलंच दुसरं कुलूप आणून लावलं. म्हनलं, त्यास्नी कशाला ताप."

"मंग?" रुपालीनं विचारलं.

"मंग काय. ते आले, कडी लावली, खिशातनं किल्ली काढली. फिरंना. कुलूप बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हनले, गंजलं असंल. ते म्हनले, असंल. एवढंच. रागावले न्हाईत. त्यांच्या पेटीतलं माझ्यापुढं ठिवलं आन् म्हनले, लागंल तसं घे. पुढच्या खेपेला जाताना किल्ली न्हेली न्हाई. मी दाराशी हातात घिऊन उभी हुते. म्हनले, ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

"पैशाचं न्हवतं गं," हे ती रेश्माला म्हणाली. "लेकरासाठी पैसं त्यांनी हसत दिलं असतं. मी इचारलं न्हाई. आन् वर खोटं बोलले. खोल्यांचं पुन्ना नाव निघालं न्हाई. रिटायर होऊन आले तवा घर भरलेलं, सूनबाई आलेली, नातवंडं. तीन वर्सांत गेले. आमी दोघंच असं कुठं ऱ्हायलोच न्हाई."

सुनील उठून पडवीच्या पायरीवर जाऊन बसला. समोर ज्वारी पोटऱ्यात आली होती, पलीकडे रस्ता, रस्त्याला लागून ते तीस गुंठे. डिप्लोम्याला गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात बाप याच पायरीवर त्याच्याशेजारी बसला होता आणि म्हणाला होता, "कालेज बरं हाय ना?" तो "बरं हाय" म्हणाला. खरं तर कॉलेजात जाणं त्यानं महिन्यापूर्वीच सोडलं होतं, नगरला मित्रांबरोबर हिंडत होता. पुढे त्यानं डिप्लोमा सोडल्याचं उघडकीला आलं, तेव्हाही बापानं एका शब्दानं विचारलं नाही. बाप कडक आहे, आपल्याला माया लावत नाही, असं सुनील आयुष्यभर समजत आला होता. अठरा हजार कुठून आले, हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता. घरात पैसे असतात, तसे ते होते.

तिसरा ओटीपी आला. मोबाईल फरशीवर थरथरत सरकला.

सुनीलनं खिशातून फोन काढला. स्पीकर लावला नाही, तरी बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"करण, पुन्ना नंबर धाडू नको. नको पैसं... अरं न्हाई, तिनं काय न्हाई केलं. मी तिला इचारलं न्हाई, तूबी इचारलं न्हाई. ऐक माझं. तू खोली बघ... व्हय, पाडव्याचीच... जमीन जाऊ दे. मी सांगतो आत्याला."

आत्याला सांगायची गरज नव्हती. आक्काबाई उभी राहिली होती. "म्हंजी माझ्या आबाच्या जमिनीत पेट्रोलपंप हुणार."

"हुणार, आत्या."

"माझ्या नावानं गेली ती तशीच गेली मंग." तिचा आवाज फाटला. हे नुसतं चिडणं नव्हतं, सत्तरीच्या बाईनं पन्नास वर्षं वाहिलेलं ओझं होतं आणि ते आज उतरणार म्हणून ती आली होती. "मला एसटीला सोड. जेवायचं न्हाई मला."

गोजरबाईनं तिचा हात धरला. "वन्सं, बसा."

"न्हाई वयनी. तुमचं खरं असंल. पन मला बसवत न्हाई."

सुनीलनं अमृतला फोन करून इसार आज होत नाही म्हणून सांगितलं. अमृत बराच वेळ बोलत होता, हा नुसता "व्हय, व्हय" म्हणत होता. मग त्यानं मोटरसायकल काढली. आक्काबाई पिशवी घेऊन मागे बसली, कुणाकडे न पाहता. गाडी सुरू करण्याआधी सुनील थांबला, वळला, आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा भावजयीकडे सरळ पाहून बोलला.

"रेश्मा, माझं चुकलं. तुला आदी इचाराय पायजे हुतं."

रेश्मा गडबडून उठली. मांडीवरची मेथी खाली सांडली. "दादा, मी थोडे तरी देते. लाखभर. त्यात काही होत असेल तर..."

"न्हाई हुत," तो म्हणाला. "आन् पाटल्या सोडवून आणतो उद्याच." हे रुपालीसाठी होतं. रुपाली दारातूनच म्हणाली, "सावकाश आणा." गाडी धूळ उडवत रस्त्याला लागली आणि त्या तीस गुंठ्यांवरून वळताना आक्काबाईनं मान वळवून पाहिलं, हे दोघींनाही दिसलं.

रेश्माला हरल्यासारखंही वाटलं आणि जिंकल्यासारखंही, आणि दोन्हीची लाज वाटली. ती मेथी गोळा करायला बसली. गोजरबाई जवळ सरकली आणि तिच्याबरोबर पानं वेचू लागली.

"राग नका धरू, आई."

"कुनावर? येडी हायस का? करणवर धर चार दिस, मंग सोड. फोनवर भांडून घे, पन बोलणं बंद नको करू." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "खोली केवढी मिळंल गं तिकडं?"

"एक खोली आणि छोटं स्वयंपाकघर. त्यानं एक पाहिलीये. ओटा आहे, नळ आहे. खिडकीतून झाड दिसतं म्हणाला."

"कशाचं?"

"ते नाही विचारलं मी."

"इचार," गोजरबाई म्हणाली. मग दोघी उरलेली पानं वेचू लागल्या.

"आई, आम्ही गेलो की तुम्ही लगेच या. पाडव्याला आपण बरोबरच जाऊ. करण पण हेच म्हणेल."

"येईन की. पन वर्सभर तरी न्हाई." गोजरबाईनं टोपली जवळ ओढली. "आदी तुमी दोघंच ऱ्हावा. आन् मला फोनवर सांगत जा. दोघंच असल्यावर सकाळचा च्या कोन करतं, ते सांग."